अर्जावर सही कोणाची?

वृद्धाश्रमाचा प्रवेश-अर्ज आपल्यापैकी किती जणांनी वाचला असेल, कोण जाणे. आपल्या समाजात हा शब्दच सहसा तोंडावर येत नाही. आला तर पाठोपाठ 'अल्ला तो दिवस दाखवू नये' असे येते. गोखिवऱ्याला राहायला आल्यापासून शेजारीपाजारी माझ्याकडे अर्ज भरून घ्यायला येतात. निवृत्त शिक्षकाचा मोहल्ल्याला तेवढाच उपयोग! रेशनकार्डाचे अर्ज, श्रावणबाळ योजनेचे अर्ज, मुलांच्या दाखल्यांचे अर्ज, आणि अलीकडे अधूनमधून वृद्धाश्रमाचेही. ते आणणारा माणूस कागद चार घड्या घालून खिशातून काढतो आणि आधी दार लोटून घेतो.

संस्था निरनिराळ्या असल्या तरी हे छापील अर्ज एकाच साच्यातून निघाल्यासारखे असतात. वय साठ पूर्ण हवे. संसर्गजन्य रोग नाही, मानसिक आजार नाही, स्वतःची रोजची कामे स्वतः करता येतात, असा डॉक्टरांचा दाखला हवा. अनामत रक्कम, दरमहाचे शुल्क. आजार बळावला तर घरी परत नेण्याची हमी. शेवटी अंत्यविधी कोण करणार याचा रकाना. आणि दोन जबाबदार माणसांची नावे, फोटो, पत्त्याचे पुरावे व सह्या. काही अर्जांत या जबाबदार माणसाला 'पालक' म्हटलेले असते. मी आयुष्यभर प्रगतिपुस्तकावर पालकांची सही मागितली. आता पंचाहत्तर वर्षांच्या बाईच्या अर्जावर तिचाच मुलगा 'पालक' म्हणून सही करतो, हे पाहतो. छापणाऱ्याच्या हातून शब्द चुकला असे मला वाटत नाही. म्हातारे माणूस म्हणजे कायद्याच्या भाषेतले 'अज्ञान', त्याच्या वतीने दुसऱ्याने बोलायचे, ही आपल्या सर्वांच्याच मनातली समजूत त्या शब्दात उतरली आहे. अर्जदाराची सहीही असते म्हणा. ती खाली कोपऱ्यात असते, आणि ती नसली तरी अर्ज अडत नाही. अंगठाही चालतो, आणि तो कोणी धरून उठवला हे कोणी विचारत नाही. पालकाची सही नसली की मात्र अर्ज परत येतो.

आमच्या इमारतीत एक खाला आहेत. नवरा मुंबईत गिरणीत होता. तो गेल्यावर चाळीतली खोली विकून कुटुंब इकडे आले. एक मुलगा सौदीत, त्याची बायको-मुले इथे. दुसरा नालासोपाऱ्याला, एका खोलीत चार मुलांसह. दोघेही चांगले आहेत, हे आधीच सांगतो. कोणी आईवर हात उगारलेला नाही, की जेवायला कमी केलेले नाही. खालांची पाळी लावलेली आहे, एक महिना इथे, एक महिना तिथे. महिना संपला की त्या आपली पिशवी, औषधांचा डबा, मुसल्ला आणि चादर घेऊन रिक्षात बसतात. एके दिवशी त्यांनी स्वतःच माझ्यापुढे अर्ज ठेवला. ओळखीच्या एका बाईबरोबर जाऊन त्यांनी जागा पाहून ठेवली होती. नवऱ्याच्या फंडाचे पैसे पोस्टात होते, त्याच्या व्याजात दरमहाचे भागत होते. म्हणाल्या, "मास्तर, मला कुणाचा राग नाही. पण मला आता एका खाटेवर राहू दे. माझी म्हणून एक खाट."

अर्ज भरला. सह्या मिळाल्या नाहीत. सौदीतला मुलगा फोनवर म्हणाला, "मी इथे घाम गाळतो तो कशासाठी? लोक म्हणतील, आईला टाकली." धाकट्याने भावाच्या पुढे जायला नकार दिला. संस्थेचे व्यवस्थापक सभ्य गृहस्थ होते. ते म्हणाले, "आजींना आम्ही आनंदाने घेतले असते, पण मुलांची सही नाही म्हणजे उद्या भांडण आमच्या दारात येणार." खाला परत पाळीवर गेल्या.

आपल्या कथा-कवितांत आणि नाटक-सिनेमात वृद्धाश्रमाची गोष्ट ठरलेली आहे. निर्दय मुलगा, कावेबाज सून, फाटकाशी रडणारी आई. ती गोष्ट खोटी नाही, तशी माणसे आहेत. पण खालांची गोष्ट तिच्या उलटी आहे. तिथे आई जायला तयार नसताना तिला ठेवून येतात, इथे ती जायला तयार असताना तिला अडवून ठेवतात. दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच आहे. जिला राहायचे, तिला विचारलेले नाही. पहिल्या मुलाला आपण वाईट म्हणतो, दुसऱ्याला चांगला. मला हा निवाडा पटत नाही.

आधी संस्थांची बाजू ऐकायला हवी. त्यांच्यावर नुसता ठपका ठेवणे सोपे आहे. अंथरुणाला खिळलेल्या एका माणसाला दिवसा-रात्री उठवायला, कूस बदलायला, धुवायला दोन-तीन माणसांचे हात लागतात. ज्या संस्थेत रात्री एकच आया असते तिने असा माणूस घेणे म्हणजे त्याच्या पाठीला जखमा होऊ देणे. तिने 'हे आमच्याने होणार नाही' म्हटले तर तो प्रामाणिकपणा आहे. मात्र स्वतःचे सगळे स्वतः करू शकणाऱ्याला निवारा मिळवण्याचे आणखी दोन मार्ग असतात. ज्याला ते जमत नाही त्याला एकही नसतो. दाखल्याची ती अट जिथे-तिथे घातली की ज्याला सर्वांत जास्त गरज आहे तोच बाहेर राहतो. कुवतीपुरता नकार आणि सरसकट नकार यांत फरक करायला हवा.

जबाबदार माणसाच्या सहीचे मूळ वेगळे आहे. ते भीतीत आहे. रात्री दोन वाजता छातीत दुखू लागले तर इस्पितळात कोणाच्या नावाने भरती करायचे? बिल कोण देणार? माणूस गेला तर मय्यत कोणाच्या ताब्यात द्यायची? पोलिसांनी विचारले तर? उद्या वारसाने येऊन 'आमच्या आईचे दागिने कुठे' म्हटले तर? या भीती खऱ्या आहेत, मी त्यांची टवाळी करणार नाही. परंतु सर्वांत निराधार कोण, असे विचारले तर ज्याच्या अर्जावर सही करायला कोणी नाही तोच, असे उत्तर येते. आणि हा नियम त्यालाच दारातून परत पाठवतो.

सरकारचा कायदा याबाबतीत, निदान कागदावर, अधिक शहाणा आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा कायदा २००७ सालचा. तो सर्व धर्मांच्या लोकांना लागू आहे, आपल्यालाही. त्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असा वृद्धाश्रम सरकारने काढावा, असे १९व्या कलमात म्हटले आहे. शब्द मात्र 'काढू शकेल' असा आहे, 'काढलाच पाहिजे' असा नाही. एका क्रियापदात किती म्हातारे अडकून राहिले असतील! या कायद्याखाली केंद्राने राज्यांकडे जे नमुना-नियम पाठवले त्यांतला प्रवेशाचा भाग प्रत्येक जमातीच्या विश्वस्तांनी वाचावा असा आहे. जागा कमी आणि अर्ज जास्त असतील तर जो अधिक गरजू त्याला आधी घ्यावे. बाकी सारखे असेल तर जो वयाने मोठा त्याला आधी. जो निरक्षर आहे किंवा फार जर्जर आहे त्याला लेखी अर्जाशिवायही घेता येईल. धर्म किंवा जात यावरून भेद करू नये. प्रवेशाची सुरुवात गरजेपासून होते, मुलाच्या सहीपासून नाही.

आपल्या राज्यात वृद्धाश्रमांना अनुदान देण्याची योजना १९६३ सालापासून आहे. त्यात पुरुषांना साठ आणि स्त्रियांना पंचावन्न वर्षांची अट होती. बाई लवकर निराधार होते, हे त्या जुन्या कारकुनांना कळले होते. १९९५ साली मातोश्री वृद्धाश्रम योजना आली, तिच्यात ऐपत असणाऱ्याने शुल्क भरायचे आणि नसणाऱ्याला विनाशुल्क ठेवायचे, असे ठरले. आपला पालघर जिल्हा २०१४ सालचा, म्हणजे कायद्याहून सात वर्षांनी धाकटा. कागदावरचे नियम खाली येईतो काय होते ते अर्ज भरणाऱ्याला विचारावे. खासगी धर्मादाय संस्थेला हे नमुना-नियम तसेच्या तसे बांधील नाहीत. तिथे ज्याचा गल्ला त्याचा नियम.

पण या सरकारी नियमांतही एक गोष्ट मला सापडली नाही. ज्याला राहायचे आहे त्याला एकांतात, मुलांना बाहेर बसवून, 'तुमची मर्जी आहे का?' असे विचारण्याची पायरी त्यांत नाही. २०१७ सालच्या मानसिक आरोग्य कायद्यात ती आहे. मनोरुग्णाच्या बाबतीतही स्वतःच्या संमतीने भरती हा सर्वसाधारण नियम धरला आहे, आणि दुसऱ्याच्या अर्जावरून भरती हा नाइलाजाचा अपवाद. म्हणजे ज्याचे मन ठिकाणावर नाही असे आपण समजतो त्याची मर्जी विचारायची, आणि जी बाई पाच वक्त नमाज वेळेवर अदा करते, पोस्टातल्या व्याजाचा हिशेब तोंडी सांगते, तिची विचारायची नाही.

आपल्याला ही पायरी परकी का वाटावी? निकाहाच्या वेळी वकील आणि दोन गवाह आतल्या खोलीत जातात. मुलगी अठरा-एकोणीस वर्षांची असते, बाप बाहेर बसलेला असतो, मंडपात बिर्याणीचा वास सुटलेला असतो. तरी तिला विचारल्याशिवाय, तिने कबूल म्हटल्याशिवाय काजी पुढे जात नाही. पुष्कळदा तो उपचारच असतो, हे मान्य. पण उपचार म्हणून का होईना, तिच्या मर्जीशिवाय तिचे घर बदलता येत नाही हे तत्त्व आपण चौदाशे वर्षे धरून ठेवले आहे. त्याच मुलीचे सत्तराव्या वर्षी घर बदलते, महिन्या-महिन्याला बदलते, तेव्हा तिच्याकडे वकील जात नाही.

इथे आपले मौलाना एक आयत पुढे करतात, आणि ते बरोबरच करतात. आईवडिलांपैकी एक किंवा दोघे तुमच्यापाशी म्हातारपणाला पोहोचले तर त्यांना 'उफ्' सुद्धा म्हणू नका, ही ताकीद आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. त्यातल्या 'तुमच्यापाशी' या शब्दावरून वृद्धाश्रम नाजायज आहे, असे काही जण सांगतात. मी आलिम नाही, फतव्यावर बोलत नाही. एक साधा वाचक म्हणून एवढे वाटते की ती आयत मुलाच्या जिभेला लगाम घालते, आईच्या पायांना नाही. मुलाने तिला घालवू नये, हे त्यातून निघते. तिने स्वतः जाऊ नये, हे निघत नाही. सन्मानाची जबाबदारी तिची जागा बदलली म्हणून मुलावरून उतरत नाही, आणि ती त्याच्याच खोलीत राहिली म्हणून पुरीही होत नाही.

शिवाय 'तुमच्यापाशी' म्हणजे कुठे, हेही पाहायला हवे. कोकणातल्या गावात आजीला ओटी होती, मागे परसू होते, दारावरून जाणारा-येणारा सलाम करून जात होता. गोखिवऱ्याला एका बाजूला तुंगारेश्वरचा डोंगर आणि दुसरीकडे औद्योगिक गाळे, यांच्यामध्ये उभ्या राहिलेल्या इमारतींत एक खोली आणि स्वयंपाकघर असते. तिथे आजीची जागा म्हणजे सोफ्याचे टोक, तेही रात्री मुले झोपल्यानंतर. मुंबईतून स्वस्त जागेच्या शोधात आलेल्या आपल्या शेकडो घरांची हीच कथा आहे. ज्यांचे मुलगे आखातात आहेत तिथे आई सुनेपाशी असते; आणि शरीयतने सासूच्या सेवेचा भार सुनेवर टाकलेला नाही, असे आलिम सांगतात, हे आपण सोयीने विसरतो.

'आपल्यात वृद्धाश्रम नसतात' हे वाक्य अभिमानाने म्हटले जाते. इतिहास इतका सरळ नाही. इमाम अबू यूसुफ यांनी खलिफा हारून रशीदसाठी लिहिलेल्या 'किताबुल खराज'मध्ये हजरत उमरची एक हकीकत आहे. एक म्हातारा, आंधळा यहुदी दारोदार भीक मागत होता. उमरने त्याला कारण विचारले. जिझिया, गरज आणि वय, असे तो म्हणाला. उमर त्याला हाताला धरून घरी घेऊन गेले, जवळचे काही दिले, आणि बैतुल मालच्या खजिनदाराला निरोप पाठवला की याच्याकडे आणि याच्यासारख्या इतरांकडे लक्ष द्या. त्याचा जिझियाही माफ केला. या हकीकतीत उमरने तुझे मुलगे कुठे आहेत, असे विचारल्याचे येत नाही. त्याचा धर्म त्यांना कळला होता. मदत करायच्या आड तो आला नाही.

इस्तंबूलला सुलतान अब्दुल हमीद यांच्या कारकीर्दीत १८९६ साली 'दारुलअजझे' सुरू झाले. अर्थ, असहाय माणसांचे घर. त्याच्या आवारात मशीद आहे, चर्च आहे आणि यहुद्यांचे प्रार्थनास्थळही आहे. अखेरच्या दिवसांत माणसाला त्याच्या रीतीने देवाचे नाव घेता यावे, एवढा साधा विचार. ते घर आजही चालू आहे. आपल्याकडे पुण्यात बगदादहून आलेल्या यहुदी घराण्यातल्या डेव्हिड ससून यांच्या नावाने एकोणिसाव्या शतकात अनाथ-पंगू गृह उभे राहिले. आज 'निवारा' म्हणून ते ओळखले जाते आणि मराठी म्हातारी माणसे तिथे राहतात. फ्रान्समध्ये जान जुगां या गरीब बाईने १८३९ साली एका आंधळ्या, अपंग म्हातारीला घरी आणून स्वतःचा बिछाना दिला. त्यातून जो जोगिणींचा पंथ उभा राहिला त्याचे घर मुंबईत अंधेरीला आहे. वसईतल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांना हे सांगायला नको. आपल्याला सांगायला हवे.

मग फक्त आपल्यासाठी, मुसलमानांसाठी, वेगळा वृद्धाश्रम काढावा का? हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. ज्या-त्या समाजाने आपापल्या म्हाताऱ्यांसाठी घर काढले याला मी नावे ठेवत नाही. म्हातारपणी जिभेला सवयीची चव लागते, कानाला सवयीची भाषा लागते, फजरची अजान लागते. ज्या घरात मांसाहार नाही तिथे आपल्या माणसाने राहू नये असेही नाही. पुष्कळ राहतात, आणि कोणी नमाजाला जागा नाकारल्याचे मी पाहिलेले नाही. पण अर्जातला तो शेवटचा रकाना आपल्या माणसाचा हात थांबवतो. अंत्यविधी. गुसल कोण देणार, कफन कोण घालणार, जनाजा कोण उचलणार, कोणत्या कब्रस्तानात जागा मिळणार? खाट कुठेही चालेल. दफन मात्र रीतसर व्हायला हवे. खालाही तिथेच थांबल्या होत्या. पुष्कळ वेळ गप्प राहून म्हणाल्या, "इथे मुलांचे नाव घाला. तेवढे तरी ते करतील."

आणि तेवढे ते करतील, यात मला शंका नाही. जनाजाची नमाज फर्जे-किफाया आहे. काहींनी अदा केली तर सर्वांची जबाबदारी उतरते, कोणीच केली नाही तर सगळा समाज गुन्हेगार. म्हणून लावारिस मय्यतही आपल्या लोकांच्या हातून मातीआड होते. नाव माहीत नसले, गाव माहीत नसले, तरी कफनाला पैसे जमतात. रस्त्यात सापडलेल्या मेलेल्या माणसाची जबाबदारी घेताना जमात दोन फोटो आणि पत्त्याचा पुरावा मागत नाही. मग तोच माणूस जिवंत असताना, वृद्धाश्रमाच्या दारात अर्ज घेऊन उभा असताना, त्याच्या 'जबाबदार व्यक्ती'च्या रकान्यात जमातीचा शिक्का का बसू नये? स्वतंत्र इमारत, तिचा निधी, तिचे राजकारण हे सगळे होईल तेव्हा होईल. वक्फच्या मिळकतींवर बोलायला बसलो तर हा अंक पुरणार नाही. शिक्क्याला मात्र पैसा लागत नाही.

आमच्या ओळखीच्या एका विश्वस्ताला मी हे बोललो. त्यांचे पहिले उत्तर ठरलेले होते: "उद्या इस्पितळाचे बिल आले तर?" बिलाची हमी नको, असे मी म्हटले. सरकारी इस्पितळात पोहोचवणे, निरोप घेणे, मय्यत ताब्यात घेणे, एवढ्याचीच हमी. व्यवस्थापकांच्या निम्म्या भीती त्यातच संपतात. दुसरा प्रश्न त्यांनी थोडा थांबून विचारला, आणि तो खरा कठीण होता. "मुलगा जिवंत आहे, तो नको म्हणतोय, आणि आम्ही त्याच्या आईच्या अर्जावर सही करायची? उद्या तो जुम्म्याला समोर उभा राहील."

उभा राहीलच. त्याला उत्तर देता यावे म्हणून आधी आईकडे जायला हवे. वकील आणि दोन गवाह जातात तसे. त्यांतली एक तरी बाई असावी. घरच्यांना बाहेर बसवावे, तीन गोष्टी विचाराव्यात आणि तिच्याच शब्दांत लिहून घ्याव्यात. कुठे राहायचे आहे? आजारी पडलात तर कोणाला बोलवायचे? दफन कुठे? त्या कागदाची एक प्रत संस्थेकडे, एक जमातीच्या दफ्तरात, एक मुलाला. मन बदलले तर परत यायची मुभा तिला राहील, हेही त्यात लिहावे. सहा महिन्यांनी कोणीतरी जाऊन पुन्हा विचारून यावे. आणि जी आई 'मला कुठेही जायचे नाही' म्हणेल तिचाही कागद तसाच करावा, कारण तिला ठेवून येऊ पाहणाऱ्या मुलासमोरही जमातीला तोच दाखवावा लागेल.

विश्वस्तांनी हे ऐकून घेतले. पुढच्या बैठकीत विषय ठेवतो म्हणाले, आणि तीन प्रश्नांचा कच्चा मसुदा माझ्याकडून लिहून घेतला. जाताना दारातून वळून त्यांनी विचारले, "ती एक बाई म्हणालात, ती आणायची कुठून? आमच्या कमिटीत तर सगळे पुरुषच."